दफ्तराची किल्ली कोणाच्या कमरेला?

‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण मराठी माणसाने विनोदाने घडविली असली, तरी छोट्या कार्यालयांच्या संगणकीय व्यवहारात ती आज गंभीर धोरण होऊन बसली आहे. आठ-दहा माणसांची पतसंस्था, करसल्लागाराचे कार्यालय, एखादा धर्मादाय न्यास, शाळेचे कार्यालय, वास्तुविशारदाची पेढी, कोठेही पाहिले तरी कागदपत्रे सर्वांना मिळून वापरता येतील अशी व्यवस्था निवडताना प्रश्न एकच विचारला जातो : ‘पैसे पडतात का?’ ‘नाही’ असे उत्तर आले की चर्चा संपते. कार्यालयातील सर्वांत तरुण कर्मचारी स्वतःच्या खासगी ई-मेलवरून खाते उघडतो, त्याचा दुवा सर्वांना पाठवितो आणि त्या क्षणापासून संस्थेची इतिवृत्ते, सभासदांच्या याद्या, आधार व पॅनच्या प्रती, ताळेबंद आणि करारनामे एका परक्या घरी राहावयास जातात. त्या घराच्या अटी संस्थेच्या एकाही पदाधिकाऱ्याने वाचलेल्या नसतात.

गंमत अशी की, हेच पदाधिकारी कार्यालयासाठी लोखंडी कपाट घेताना तीन दरपत्रके मागवितात, कुलूप उघडून-लावून पाहतात आणि किल्ल्या कोणाकडे राहतील याचा रीतसर ठराव करतात. कपाटाबाबत जी दक्षता, ती कपाटातील कागदांबाबत मात्र नाही! कपाट दिसते, संगणकातील कागद दिसत नाहीत, एवढेच काय ते कारण. न दिसणाऱ्या वस्तूची चोरी होत नाही, असा समज सुशिक्षितांनीही करून घ्यावा, याला काय म्हणावे?

ज्याच्या हाती दफ्तर, त्याच्या हाती निवाडा

दफ्तराचे मोल कळण्यासाठी महाराष्ट्राला परदेशी ग्रंथ वाचण्याची गरज नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पेशव्यांचे दफ्तर कंपनी सरकारच्या हाती गेले. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या इनामे उपभोगणाऱ्या घराण्यांना ‘पुरावा आणा’ असे फर्माविण्यात आले. ज्यांच्या घरच्या सनदा वाळवीने खाल्ल्या होत्या, आगीत जळाल्या होत्या वा हरविल्या होत्या, त्यांचा दावा ताडून पाहण्याचे साधन सरकारच्याच ताब्यात होते. दावा तपासणारा तोच, निवाडा करणारा तोच आणि दफ्तराचा धनीही तोच! अनेकांची इनामे गेली. दक्षिण महाराष्ट्रातील असंतोषाच्या कारणांत इनाम कमिशनचे नाव इतिहासकार घेतात, ते उगाच नव्हे.

त्या दफ्तरातील मोडी कागदांचे हजारो रुमाल पुण्यातच होते, तरी मराठी संशोधकांना त्यांचे दार सहजासहजी उघडले नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले ते १९३० ते १९३४ या काळात, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी. कागद मराठी, भाषा मराठी, इतिहास मराठ्यांचा आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या कमरेला. ज्या समाजाने हे भोगले, त्याच्या संस्थांनी आज आपले दफ्तर ‘फुकट मिळते’ एवढ्याच कारणासाठी दुसऱ्याच्या कोठारात नेऊन ठेवावे, हे इतिहासापासून काही न शिकल्याचे लक्षण होय.

दुसरा धडा तर हयात पिढीचाच आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटांत टंकित होत असे, त्यांतील प्रत्येकाची अक्षरांची आंतरिक रचना निराळी होती. तो फाँट संगणकावर असेल तोवर मजकूर मराठी. फाँट गेला की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांगोळी! महाराष्ट्रातील कित्येक कार्यालयांत, छापखान्यांत आणि संस्थांत अशा धारिका आजही पडून आहेत. कागद आहे, तो उघडतोही. पण वाचता येत नाही. धारिका ज्या स्वरूपात जतन केली, ते स्वरूप एकाच उत्पादकाच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर धारिकेचे आयुष्यही त्या उत्पादकाच्या आयुष्याएवढेच असते.

फुकटाचीही मुदत असते

‘एवढ्या मोठ्या कंपन्या आहेत, त्या का फसवतील?’ असा भाबडा प्रश्न या ठिकाणी विचारला जातो. फसवणुकीचा येथे प्रश्नच नाही. अटी बदलण्याचा अधिकार त्यांनी पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवलेला असतो आणि योग्य वेळी त्या तो वापरतात, इतकेच.

उदाहरणे ताजी आहेत. गूगलने २००६ मध्ये छोट्या संस्थांना स्वतःच्या नावाच्या ई-मेलसह कार्यालयीन साधनांचा संच विनामूल्य देऊ केला. डिसेंबर २०१२ मध्ये नव्या ग्राहकांसाठी ही विनामूल्य योजना बंद झाली. जुन्यांना ती चालू राहिली, म्हणून ते निर्धास्त होते. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनाही सशुल्क योजनेत जाण्याची सूचना मिळाली. ओरड झाल्यावर केवळ खासगी, अव्यापारी वापरासाठी सवलत राहिली. व्यवसाय करणाऱ्या छोट्या कार्यालयांना पैसे मोजणे भाग पडले. तोवर त्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार तेथे साठलेला होता. अशा वेळी ‘नको’ म्हणण्याचे बळ कोणात उरते?

मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवरील विनामूल्य जागा २०१६ मध्ये १५ जीबीवरून ५ जीबीवर आली. ड्रॉपबॉक्सने मार्च २०१९ पासून विनामूल्य खात्याला नवी साधने जोडण्यावर तीनची मर्यादा घातली. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्यांतील मजकुरासह काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. यांपैकी एकही गोष्ट बेकायदा नाही. दान देणारा हात आखडता घेऊ शकतो, हा जगाचा नियमच आहे. दोष हात आखडणाऱ्याचा कमी आणि दानावर संसार मांडणाऱ्याचा अधिक.

याहून सूक्ष्म धोका मालकीचा आहे. विनामूल्य वैयक्तिक खात्यांत प्रत्येक कागदाचा मालक ती व्यक्ती असते, संस्था नव्हे. कागदांची मालकी संस्थेकडेच राहील असे सामाईक कपाट गूगल देते, परंतु ते सशुल्क योजनांत. विनामूल्य खात्यावर काम करणाऱ्या कार्यालयातील लेखनिक नोकरी सोडून गेला, त्याने आपले खाते बंद केले वा रागाच्या भरात कागद पुसून टाकले, तर संस्थेने दाद मागावी कोणाकडे? शिवाय, अनेकजण संगणकावर दिसणाऱ्या गूगल डॉक्सच्या धारिका पेन ड्राइव्हवर उतरवून ‘प्रत घेतली’ असे समाधान मानतात. त्या धारिकांत मजकूर नसतोच. असतो तो केवळ दूरच्या सर्व्हरकडे बोट दाखविणारा दुवा. खाते गेले की पेन ड्राइव्हवर उरते ती नुसती टरफले!

पैसे मोजले, म्हणजे सुटका झाली?

मग पैसे भरून तीच सेवा घ्यावी, हा उपाय पुरेसा ठरतो काय? जुलै २०२५ मधील घटनेने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. गुजरातमधील वाडीनार येथे वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियाच्या रॉसनेफ्टचे ४९ टक्क्यांहून अधिक भागभांडवल आहे. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. भारतीय कायद्याने ही कारवाई आवश्यक नव्हती, परवान्यांचे संपूर्ण पैसे भरलेले होते, असे कंपनीचे म्हणणे. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली; काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या.

नायरापाशी उच्च न्यायालयात उभे राहण्याची ऐपत होती. तालुक्याच्या गावातील पतसंस्थेपाशी ती आहे काय? भारतीय भूमीवर, भारतीय कायद्याचा भंग न करता चालणाऱ्या एका प्रचंड उद्योगाचे दफ्तर परदेशातील निर्णयाने बंद होऊ शकते, तर छोट्या कार्यालयाने कोणाच्या भरवशावर झोपावे? मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने केलेल्या ‘क्लाउड ॲक्ट’नुसार तर अमेरिकी कंपनीच्या ताब्यातील माहिती जगातील कोणत्याही देशात साठविलेली असली, तरी तेथील कायदेशीर आदेशानुसार ती सादर करावी लागते. सर्व्हर मुंबईत आहे, एवढ्याने किल्ली मुंबईत येत नाही.

‘फुकट’ आणि ‘मुक्त’

इंग्रजी भाषेत ‘फ्री’ या एकाच शब्दाने दोन अगदी भिन्न गोष्टी सांगितल्या जातात आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो. १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना हा भेद आयुष्यभर समजावून सांगावा लागला. मराठीला ही अडचण नाही. मराठीत ‘फुकट’ निराळे आणि ‘मुक्त’ निराळे. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता खुली आहे, जे कोणत्याही कामासाठी वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा अधिकार परवान्यानेच मिळतो, ते मुक्त. जे केवळ आज पैसे मागत नाही, ते फुकट. एका शब्दात हक्क आहे, दुसऱ्यात मेहेरबानी.

हा भेद पुस्तकी नाही, याचा पुरावा ईथरपॅडच्या इतिहासात सापडतो. एकच मजकूर अनेकांनी एकाच वेळी लिहावा, यासाठी ॲपजेट या छोट्या कंपनीने २००८ मध्ये ही सेवा काढली. डिसेंबर २००९ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली आणि सेवा बंद करण्याची घोषणा झाली. वापरकर्ते खवळले. तेव्हा त्याच महिन्यात तिची संहिता मुक्त परवान्याखाली जाहीर करण्यात आली. पुढे काय झाले? ज्या ‘गूगल वेव्ह’साठी ती कंपनी घेतली, त्याचा विकास ऑगस्ट २०१० मध्ये थांबला, ईथरपॅड मात्र स्वयंसेवकांच्या हाती आजही जिवंत आहे. लिब्रेऑफिसची कथाही अशीच. ओपनऑफिसचा सांभाळ करणारी सन मायक्रोसिस्टिम्स २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली, तेव्हा शंकित झालेल्या कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात संहिता घेऊन वेगळी चूल मांडली. संहिता मुक्त होती म्हणूनच ते शक्य झाले. मालक बदलला तरी घर न सोडण्याचा अधिकार, हेच मुक्ततेचे व्यावहारिक मोल.

धारिकांच्या स्वरूपाबाबतही भारताने एकदा ताठ कणा दाखविला आहे. ‘ओडीएफ’ हे खुले स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने पुढे आणलेल्या दुसऱ्या स्वरूपाला २००७ आणि २००८ मध्ये भारतीय मानक ब्युरोने विरोधी मत दिले. ते स्वरूप अखेर मानक झाले, ही गोष्ट वेगळी. २०१० मध्ये केंद्राने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणि २०१५ मध्ये मुक्त संहितेच्या सॉफ्टवेअरचे धोरण स्वीकारले. सरकारने कागदावर जे तत्त्व मानले, ते गल्लीतल्या कार्यालयापर्यंत पोहोचू नये, हे दुर्दैव.

स्वदेशी शिक्का : आवश्यक, पण पुरेसा नव्हे

नायरा प्रकरणानंतर स्वदेशी पर्यायांची चर्चा जोरात सुरू झाली, हे स्वागतार्हच. चेन्नईच्या झोहोने २००५ पासून स्वतःचा लेखनसंच उभा केला. २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहोचा कार्यालयीन संच वापरण्याचे निर्देश दिले. परदेशी निर्बंधांचा धोका भारतीय कंपनीच्या बाबतीत कमी होतो, वाद झाला तर न्यायालय आपल्या देशातले असते आणि पैसाही देशात राहतो. हे तीनही लाभ खरे आहेत.

परंतु स्वदेशीचा अर्थ केवळ पाटीवरचा पत्ता नव्हे. झोहोचा संच मुक्त संहितेचा नाही. भारतीय कंपनीही उद्या दर वाढवू शकते, योजना बदलू शकते, विकली जाऊ शकते. तेव्हा शेजाऱ्याच्या घरी ठेवलेले दफ्तर परक्याच्या घरी ठेवण्यापेक्षा बरे, तरी ते स्वतःच्या घरचे नव्हे, हे विसरून चालणार नाही. स्वदेशीचा गाभा स्वावलंबन हा आहे. ज्या सेवेतून संस्था आपले सारे कागद केव्हाही खुल्या स्वरूपात बाहेर काढू शकते आणि तसे नियमित काढते, ती सेवा स्वीकारण्यात स्वाभिमान जात नाही. ज्या सेवेतून ते काढण्याचा विचारही कोणी केलेला नाही, ती भारतीय असो वा अमेरिकी, बेडी ती बेडीच.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

‘स्वतःचा सर्व्हर चालविणे हे छोट्या कार्यालयाचे काम नव्हे,’ हा आक्षेप वजनदार आहे. तो उडवून लावणारे मुक्त सॉफ्टवेअरचे उत्साही पुरस्कर्ते आपल्याच कार्याचे नुकसान करतात. हौसेने नेक्स्टक्लाउड बसविले, सहा महिने सुरक्षेची सुधारित आवृत्ती चढविली नाही आणि सर्व्हरचे दार महाजालावर सताड उघडे राहिले, तर अशा स्वातंत्र्यापेक्षा पारतंत्र्य सुरक्षित! म्युनिक शहराने २००३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरकडे जाण्याचा निर्णय घेतला आणि २०१७ मध्ये तेथील नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरविले, हेही उदाहरण विरोधक देतात. ते खरे आहे. पण त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे तीस हजार सरकारी संगणक लिब्रेऑफिसकडे नेण्याचा निर्णय जाहीर केला आणि कागदांच्या देवघेवीसाठी नेक्स्टक्लाउड निवडले, हेही तितकेच खरे. वाट अवघड आहे, बंद नाही.

म्हणून निवड कार्यालयाच्या कुवतीप्रमाणे व्हावी. ज्या कार्यालयात केवळ तयार धारिका चार-पाच संगणकांवर सारख्या राहाव्यात एवढीच गरज आहे, तेथे लिब्रेऑफिस आणि सिंकथिंग ही जोडी पुरते. सिंकथिंगला मध्यवर्ती कोठार लागत नाही. कार्यालयातील संगणकच एकमेकांशी धारिकांची देवाणघेवाण करतात. मात्र एकीकडे पुसलेले दुसरीकडेही पुसले जाते, म्हणून ही व्यवस्था म्हणजे राखीव प्रत नव्हे, हे ध्यानात ठेवावे. जेथे एकाच तक्त्यात अनेकांना एकाच वेळी काम करावयाचे आहे आणि महिन्यातून काही तास देणारा जाणकार विश्वासाने मिळतो, तेथे स्वतःच्या वा भारतात भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड आणि त्याच्या जोडीला कोलॅबोरा ऑनलाइन योग्य. असा जाणकार मिळत नसेल, तर भारतीय कंपनीची सशुल्क सेवा घ्यावी, खाती संस्थेच्या नावाने उघडावीत आणि दरमहा साऱ्या कागदांची ओडीएफ व पीडीएफ स्वरूपातील प्रत स्वतःच्या डिस्कवर उतरवावी.

आणि कोणताही मार्ग घेतला तरी काही गोष्टींना सूट नाही. मुख्य प्रशासकाचा अधिकार दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा. ‘दुवा असणाऱ्या कोणालाही’ कागद उघडता येईल, अशी मोकळीक बंद करावी. द्विस्तरीय पडताळणी सक्तीची करावी. तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, त्यांतील एक कार्यालयाबाहेर, हा जुना नियम पाळावा आणि वर्षातून दोनदा राखीव प्रतीतून कागद खरोखर उघडतात काय, हे पाहावे. न तपासलेली प्रत आणि न लिहिलेली पावती, दोहोंचा उपयोग सारखाच.

कायदा दारात उभा आहे

ज्यांना तत्त्वाची भाषा रुचत नाही, त्यांनी कायद्याची तरी ऐकावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील बंधने टप्प्याटप्प्याने लागू होतात. सभासदांची, विद्यार्थ्यांची, ग्राहकांची वैयक्तिक माहिती संगणकात ठेवणारी संस्था तिच्या रक्षणास जबाबदार आहे. काम दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर सोपविले, म्हणून ही जबाबदारी टळत नाही. माहितीच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था न केल्यास होणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. कंपन्यांना तर हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकांची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे २०२२ च्या सुधारित नियमांनी बंधनकारक केले आहे. ‘आमच्या मुलाने खाते उघडले होते, आम्हाला काही ठाऊक नाही’ हा बचाव कोणत्या अधिकाऱ्यापुढे टिकेल?

ज्या संस्था समाजाच्या पैशावर आणि विश्वासावर उभ्या आहेत, त्यांची जबाबदारी तर अधिकच. सभासदाने आधारची प्रत दिली ती संस्थेला; कोणा परक्या कोठाराला नव्हे. तो विश्वास चार पैसे वाचविण्यासाठी गहाण टाकण्याचा अधिकार कार्यकारिणीला कोणी दिलेला नाही. म्हणूनच येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय अगत्याने यावा : संस्थेचे कागद सध्या कोठे आहेत, ते कोणाच्या नावावर आहेत आणि उद्या सकाळी ती सेवा बंद पडली तर दुपारी काम कसे सुरू होईल? या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे इतिवृत्तात नोंदविता येत नसतील, तर त्या संस्थेपाशी दफ्तर आहे असे म्हणताच येणार नाही. तिच्यापाशी आहे ते केवळ दुसऱ्याच्या दफ्तरात डोकावण्याचे परवानापत्र आणि ते कधी रद्द होईल, हे तिच्या हाती नाही.